फोनमधला वारा खरा कसा ओळखायचा? अ‍ॅना मणी यांची गोष्ट

आजची गोष्ट एका शास्त्रज्ञ बाईंची आहे. पण सुरुवात माझ्या गच्चीवरून करतो, कारण त्यांनी मला एका मोठ्या चुकीतून वाचवलं.

मी राहतो ठाण्यात, खोपटला. एसटी स्टँडपासून पायी पाच मिनिटांवर. माझा कॉलेजचा एक मित्र विंडसर्फिंग करतो. फळीवर उभं राहायचं, हातात शीड धरायचं आणि वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत जायचं. इंजिन नाही, वल्हं नाही. त्यामुळे कोळी मंडळी सोडली तर वाऱ्याकडे यांच्याइतकं लक्ष फार कमी लोकांचं असतं. दोन वर्षांपूर्वी तो मला म्हणाला की वारा बदललाय. फेब्रुवारी ते मे या दिवसांत दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा आता उशिरा भरतो आणि सप्टेंबर संपला तरी पावसाळी वारा हटत नाही. त्याच्या ग्रुपमधल्या बाकीच्यांनाही तसंच वाटत होतं.

मी पडलो टेक्नॉलॉजीवर लिहिणारा. म्हटलं, वाटण्यावर कशाला जायचं, मोजूनच बघू. ऑनलाइन एक छोटं अ‍ॅनिमोमीटर मागवलं, म्हणजे वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र. सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारच्या पाइपला बांधलं आणि फोनला जोडलं. दोन उन्हाळे नोंदी ठेवल्या. आकडे बघून मीच हादरलो. दुसऱ्या उन्हाळ्यात वारा पहिल्याच्या जवळजवळ निम्म्यावर आला होता!

लेखाचं हेडिंगसुद्धा तयार होतं: ठाण्यातला वारा निम्मा झाला. पब्लिश करायच्या आधी सहज वाचायला बसलो की आपल्या देशात वारा मोजायची पद्धत कोणी बसवली. तिथे अ‍ॅना मणी भेटल्या आणि माझा लेख ड्राफ्टमध्येच राहिला. का, ते पुढे कळेलच.

अ‍ॅना मणी कोण होत्या?

२३ ऑगस्ट २०२२ ला गुगल उघडलं असेल, तर डूडलमध्ये त्यांचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. तो त्यांचा १०४ वा जन्मदिवस होता. जन्म १९१८ चा, त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेडचा. आज हा भाग केरळमध्ये येतो. वडील सिव्हिल इंजिनियर, वेलदोड्याच्या बागांचे मालक. आठ भावंडांत अ‍ॅना सातव्या.

घरची रीत साधी होती. मुलांनी शिकून मोठी नोकरी करायची आणि मुलींनी लग्न करून संसार. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे अ‍ॅनाला हिऱ्याच्या कुड्या मिळणार होत्या. तिने कुड्या नको म्हणून सांगितलं आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागितले. तोपर्यंत गावच्या वाचनालयातली जवळजवळ सगळी मल्याळम पुस्तकं तिची वाचून झाली होती.

त्याच सुमाराला जवळच्या वैकोममध्ये सत्याग्रह चालला होता. मंदिराभोवतीचे रस्ते सगळ्या जातींना खुले करा, ही मागणी होती. १९२५ मध्ये महात्मा गांधी तिथे आले. या सगळ्याचा अ‍ॅनावर इतका परिणाम झाला की पुढे खादी कायमची अंगावर आली. परदेशी मालावर विसंबून राहायचं नाही, हे तिच्या डोक्यात तेव्हापासून बसलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुण्यात गेल्यावर हाच धागा परत येतो.

हिरे हातात आले, पीएचडी नाही

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमधून १९३९ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्रात ऑनर्ससह पदवी घेतली. १९४० मध्ये स्कॉलरशिप मिळवून बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या.

आता गंमत बघा. लहानपणी ज्यांनी हिरे नाकारले, त्यांच्या हातात प्रयोगशाळेत हिरेच आले! तीसहून जास्त हिऱ्यांवर प्रकाश टाकून ते तो कसा शोषतात, कसा परत फेकतात, याच्या त्यांनी नोंदी केल्या. माणकांवरही काम केलं. तेव्हा सेन्सर नव्हते. फोटोच्या काचेवर प्रकाशाचा ठसा उमटायला पंधरा-पंधरा, वीस-वीस तास लागायचे. त्यामुळे अ‍ॅना मणींच्या कितीतरी रात्री प्रयोगशाळेतच गेल्या. त्या काळी तिथे मुलामुलींनी एकमेकांशी बोलणंसुद्धा खपवून घेतलं जात नसे. शेजारच्या टेबलावर विज्ञानाची चर्चा रंगलेली असायची आणि मुलींनी लांबून ऐकायचं.

१९४२ ते १९४५ या काळात त्यांनी एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध छापले. ऑगस्ट १९४५ मध्ये प्रबंध मद्रास विद्यापीठाला दिला. विद्यापीठाने पीएचडी नाकारली. कारण काय, तर एमएस्सीची पदवी नाही. ऑनर्सची पदवी होती, संशोधनासाठी मिळवलेली स्कॉलरशिप होती, पण नियमावर बोट ठेवलं गेलं. तो पूर्ण प्रबंध आजही रामन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत आहे, बाकीच्यांच्या प्रबंधांसोबत. फरक एवढाच की त्यावर पदवी नाही. अ‍ॅना मणींनी या गोष्टीचं दुःख आयुष्यभर कवटाळून धरलं नाही. त्यांच्या मते त्या कागदाने कामात काहीच फरक पडला नाही.

जे मिळालं ते घेतलं

१९४५ मध्ये सरकारी स्कॉलरशिपवर त्या इंग्लंडला निघाल्या, सैनिकांच्या जहाजातून. भौतिकशास्त्रात पुढे संशोधन करायची इच्छा होती. पण जागा एकाच विषयात शिल्लक होती, हवामान मोजण्याची यंत्रं. जे मिळालं ते त्यांनी घेतलं आणि त्यातच देशाला कामाचा माणूस मिळाला.

१९४८ मध्ये त्या भारतात परतल्या आणि पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या. पुण्याचे वाचक शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसवरून रोज जात असतील. ते नाव कुठून आलं माहीत आहे? हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून ते सिमला ऑफिस.

स्वातंत्र्याला जेमतेम वर्ष झालं होतं. पाऊस मोजायचं साधं भांडं आणि तापमापकसुद्धा बाहेरून यायचे. तिथले प्रमुख एस. पी. वेंकिटेश्वरन यांनी यंत्रं इथेच बनवायचा ध्यास घेतला होता आणि अ‍ॅना मणींना वैकोमपासून तेच हवं होतं. १९५३ मध्ये त्या या विभागाच्या प्रमुख झाल्या. हाताखाली १२१ पुरुष! सुमारे शंभर यंत्रांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले. म्हणजे यंत्र पुण्यात बनो की दुसरीकडे, माप तेच, धातू तोच, चाचणीही तीच.

हे ऐकायला कंटाळवाणं वाटतं ना? मलाही आधी वाटलं होतं. पण सगळा खेळ तिथेच आहे.

अ‍ॅनिमोमीटर कसं चालतं आणि फसवतं कसं?

वाट्यांचं अ‍ॅनिमोमीटर तुम्ही चित्रात पाहिलं असेल. उभ्या दांड्यावर तीन अर्धगोल वाट्या असतात. वाऱ्याचा जोर वाटीच्या पोकळ बाजूला जास्त बसतो, फुगीर बाजूला कमी, म्हणून वाट्या फिरतात. मिनिटाला किती फेऱ्या झाल्या त्यावरून वेग काढायचा. दिशा सांगायला शेजारी वातकुक्कुट, आपण शाळेत शिकलो तोच.

आता यातले घोटाळे बघा. बेअरिंगमध्ये धूळ गेली की वाट्या जड फिरतात. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेने गंज चढला की अजून जड. वारा तेवढाच, पण आकडा कमी. हे काम इतकं सावकाश होतं की कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून यंत्राची ठरावीक काळाने परीक्षा घ्यावी लागते. ज्याच्या वेगाची खात्री आहे अशा हवेच्या बोगद्यात यंत्र ठेवायचं आणि आकडा जुळतो का बघायचं. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. अ‍ॅना मणींचा याबाबतीत भलताच कटाक्ष होता. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, अशीच त्यांची भूमिका होती. न मोजलेल्या गोष्टीबद्दल माणूस निदान सावध राहतो, चुकीच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास टाकतो.

दुसरा घोटाळा जागेचा. वारा मोजायचा आंतरराष्ट्रीय नियम असा, की यंत्र मोकळ्या जागी जमिनीपासून १० मीटर उंचीवर हवं. जवळ काही अडथळा असेल, तर त्याच्या उंचीच्या निदान दहा पट अंतरावर यंत्र हवं. म्हणजे २० मीटर उंच बिल्डिंग असेल, तर २०० मीटर लांब.

हे वाचलं आणि मी उठून थेट गच्चीवर गेलो. माझं यंत्र टाकीला चिकटून. आणि पश्चिमेला, जिकडून खारा वारा येतो, तिकडे रिडेव्हलपमेंटची नवी बिल्डिंग. पहिल्या उन्हाळ्यात तिचा नुसता पाया होता, दुसऱ्या उन्हाळ्यात अकरा मजले उभे! ठाण्याचा वारा निम्मा झालाच नव्हता, निम्मा झाला होता तो माझ्या टाकीमागचा वारा. वाट्या हाताने फिरवून पाहिल्या, तर बेअरिंगही कुरकुरत होतं. हा लेख छापला असता, तर शेकडो लोकांनी फॉरवर्ड केला असता आणि माझ्या मित्राने तो पुरावा म्हणून दाखवला असता.

ऊन, ओझोन आणि रॉकेट

अ‍ॅना मणींचं काम वाऱ्यापुरतं नव्हतं. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होतं. जगभरचे शास्त्रज्ञ एकाच वेळी पृथ्वीची मोजमापं घेत होते. त्या निमित्ताने त्यांनी भारतात ऊन मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं. आधी बाहेरची यंत्रं वापरली, मग तशीच यंत्रं इथे बनवून घेतली. १९६४ मध्ये फुग्याला बांधून वर सोडायचं ओझोन मोजणारं यंत्र भारतात तयार झालं, त्यामागेही त्याच होत्या.

विक्रम साराभाई थुंब्याला रॉकेट केंद्र उभारत होते, तेव्हा तिथली हवामान वेधशाळा आणि यंत्रांचा मनोरा बसवायचं काम त्यांनी अ‍ॅना मणींकडे दिलं. रॉकेट केंद्राला वाऱ्याचं काय काम? तेव्हाच्या छोट्या रॉकेटना हवेत सुकाणू नसायचं. सुटताना बाजूने वारा लागला की रॉकेट वळायचं. म्हणून आधी वेगवेगळ्या उंचीवरचा वारा मोजायचा आणि त्या हिशोबाने रॉकेटचा कोन ठरवायचा. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं.

१९६९ मध्ये त्या दिल्लीला उपमहासंचालक म्हणून गेल्या आणि १९७६ मध्ये निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर वाऱ्याच्या मागे

बहुतेकांची गोष्ट इथे संपते, यांची नव्याने सुरू झाली. त्या बंगळुरूला परतल्या. १९८० आणि १९८१ मध्ये भारतातल्या उन्हाच्या आकडेवारीची दोन मोठी पुस्तकं काढली. आज छतावर सोलर पॅनल बसवताना किती वीज मिळेल हे आपण मोबाइलवर बघतो. देशात त्या प्रकारच्या हिशोबाचा पाया या आकड्यांनी घातला. १९८३ मध्ये डी. ए. मूली यांच्यासोबत वाऱ्याच्या आकडेवारीचं पुस्तक आलं. मग देशभर वारा मोजायची मोहीम सुरू झाली, सातशेहून जास्त ठिकाणी.

पवनचक्की लावायची तर वाऱ्याचं माप इतकं बारकाईने कशाला? कारण वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला तर ताकद आठ पट. वेग १० टक्के कमी असेल तर ताकद १० नाही, २७ टक्क्यांनी घटते. म्हणजे यंत्राने वेग थोडा जास्त दाखवला, तर कोट्यवधींची पवनचक्की चुकीच्या डोंगरावर उभी राहणार. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर फिरायला गेलात आणि पवनचक्क्यांसमोर रील काढलंत, तर एवढं आठवा: पातं फिरायच्या आधी वाऱ्याची मोजणी व्हावी लागते.

वारा आणि ऊन मोजणारी यंत्रं बनवायचा छोटा कारखानाही त्यांनी बंगळुरूला काढला. १९९४ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि पुढची वर्षं जागेवरच गेली. १६ ऑगस्ट २००१ ला तिरुवनंतपुरमला त्या वारल्या. वाढदिवस फक्त एका आठवड्यावर होता. लग्न त्यांनी केलं नाही. बाई असल्यामुळे काय काय सोसलं, याचं भांडवलही केलं नाही.

मग वारा खरंच बदललाय का?

आता मित्राच्या प्रश्नाकडे येऊ. त्याचे मुद्दे दोन होते आणि दोन्ही वेगळे तपासायला हवेत.

पहिला मुद्दा, पावसाळी वारा उशिरा हटतो. इथे मित्राची बाजू भक्कम आहे. हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. मुंबईत मान्सून पोचायची तारीख १० जूनवरून ११ जून झाली, म्हणजे जवळपास तीच. पण परत जायची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली. नैऋत्येचे वारे आपल्याकडे जुन्या तारखेपेक्षा सुमारे नऊ दिवस जास्त मुक्काम करतात. हे एका वर्षाचं नाही, कित्येक दशकांच्या नोंदींमधून काढलेलं आहे. फळीवर उभ्या असलेल्या पोरांना जे जाणवलं, ते नोंदींमध्येही दिसतं.

दुसरा मुद्दा, दुपारचा खारा वारा उशिरा भरतो. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश. जमिनीवरची हवा हलकी होऊन वर गेली की समुद्रावरची गार हवा आत येते, हाच खारा वारा. रात्री उलटं होतं, तो मतलई वारा. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानात फरक किती, यावर वेळ आणि जोर ठरतो. म्हणजे समुद्र तापला किंवा किनाऱ्यावर सिमेंटचं जंगल वाढलं, तर यात बदल होऊ शकतो. पण दिवसाच्या सरासरीत हा बदल दिसणारच नाही. त्यासाठी एकाच जागी, एकाच उंचीवर, तपासलेल्या यंत्राने वर्षानुवर्षं घेतलेल्या तासातासाच्या नोंदी लागतात. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून उभी आहे आणि सांताक्रूझलाही केंद्र आहे, ते याचसाठी मोलाचं.

जागतिक पातळीवरही हाच पेच पडला. १९८० नंतर साधारण तीस वर्षं जगभरच्या जमिनीवरच्या केंद्रांनी वारा मंदावत असल्याचं दाखवलं. २०१० च्या सुमाराला वेग पुन्हा वाढू लागला. यात हवामानाचा हात किती, केंद्रांभोवती वाढलेल्या झाडांचा आणि बिल्डिंगांचा किती, झिजलेल्या यंत्रांचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. म्हणजे माझ्या गच्चीवर झालं तेच, फक्त जगाएवढं मोठं.

तुमच्या फोनमधला वारा कुठून येतो?

फोनमध्ये वारा मोजणारा सेन्सर नसतो. अ‍ॅपमधल्या त्या सुंदर वाहत्या रेषा कॉम्प्युटर मॉडेलने काढलेल्या असतात. मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एक वारा देतं. अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलचा खुला डेटा साधारण २५ किलोमीटरच्या चौकोनात येतो, युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा. २५ किलोमीटरच्या एका चौकोनात येऊरचे डोंगर, ठाण्याची खाडी, पारसिकची टेकडी आणि डोंबिवलीसुद्धा बसू शकते. मग खोपटच्या गल्लीतला वारा त्यात कुठून दिसणार?

म्हणून तीन गोष्टी करा:

१. अ‍ॅपमध्ये दोन वेगळी मॉडेल बदलून बघा. दोघांत मोठा फरक असेल, तर कोणावरच पूर्ण भरवसा ठेवू नका.

२. एकक तपासा. एक नॉट म्हणजे १.८५ किलोमीटर प्रति तास. १५ नॉट आणि १५ किलोमीटर यांत गोंधळ झाला तर पाण्यावर जिवाशी गाठ.

३. जवळच्या खऱ्या केंद्राने प्रत्यक्ष मोजलेला आकडा शोधा आणि तो अंदाजाशी ताडून बघा.

मी माझं अ‍ॅनिमोमीटर टाकीपासून काढलं. मित्राच्या ग्रुपने आता वही घातली आहे. रोज एकाच जागेवरून खारा वारा किती वाजता भरला ते लिहायचं, कोणी उभं राहून पाहिलं तेही लिहायचं. जिथे नीट दिसलं नाही, तिथे आकडा टाकायचा नाही, रकाना कोरा ठेवायचा. हा शेवटचा नियम मी सुचवला आणि कुठून शिकलो, तेही त्यांना सांगितलं.